चटईआडचे हात

शालिपूर नगरात महीरक्षित राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्वाने नगराच्या भिंतीबाहेर, घरे शाकारणाऱ्या लोकांच्या वस्तीत जन्म घेतला होता. त्याचे नाव खेमक. हे लोक नगरातल्या घराघरांवर गवताचे छप्पर घालत. लोकांच्या डोक्यावर चढायला त्यांना मोकळीक होती, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला मात्र मनाई होती. कामावर तहान लागली तर रस्त्यापलीकडे उभे राहून पाणी मागायचे. यात काही वावगे आहे असे कुणालाच वाटत नसे, आणि हेच मोठे वाईट होते.

त्याच नगरात श्रुतंजय नावाचा राजाचा अभियोक्ता होता. गुन्हा घडला की राजाच्या वतीने आरोप मांडायचे, हे त्याचे काम. मोठा विद्वान, बोलणे मोजके, आणि नाकावर माशी बसू देईल तर शपथ. त्याने लाच घेतली नाही, आवाज चढवला नाही, आणि कुणाची कीवही केली नाही. भिंतीबाहेरच्या लोकांबद्दल त्याला राग नव्हता. राग यायला निदान समोरचा माणूस दिसावा लागतो. ‘ते लोक तसेच असतात,’ एवढे म्हटले की त्याच्यापुरते त्यांचे सगळे सांगून होई. त्याच्याच आग्रहावरून राजाने नियम केला होता की, वस्तीतल्या आरोपीने न्यायसभेच्या दाराबाहेर उभे राहावे आणि दारात चटई टांगावी. आवाज आत यावा, माणूस दिसू नये. वस्तीतले भांडे किंवा वस्तू बंदीशाळेत नेऊ नये, हा नियमही त्याचाच.

श्रुतंजयाची धाकटी बहीण यशोवती जवळच राहत असे. तिला कुरंगी नावाची लहान मुलगी होती आणि पाळण्यात एक तान्हा मुलगा. एके दुपारी यशोवती पाणवठ्यावर गेली असताना कुरंगीने देवापुढचा दिवा उचलला आणि बाळाला ज्योत दाखवायला नेला. बाळाने हात पुढे केला, ती दचकली, आणि दिवा पाळण्याच्या झालरीवर कलंडला.

खेमक शेजारच्या घराचे छप्पर शाकारत होता. धूर दिसताच त्याने खाली उडी टाकली आणि मनाई विसरून तो उंबरा ओलांडून आत शिरला. कुरंगीला उचलून त्याने परसातल्या गोठ्यात आणून ठेवले. ती त्याच्या गळ्याला घट्ट बिलगली होती. ‘माझ्या हातून दिवा पडला, आईला सांगू नको,’ एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. नाही सांगणार, असे त्याने तिला वचन दिले आणि तो पुन्हा आत गेला. पाळण्याची दोरी पेटली होती. ती त्याने हातांनी ओढून तोडली आणि बाळाला बाहेर आणले. पण बाळ गेले होते.

लोक धावत आले तेव्हा त्यांना काय दिसले? वस्तीतला एक माणूस, पेटलेले घर, आणि त्याच्या हातात मेलेले मूल. मग विचार करायला थांबतो कोण! त्याचे हात कोपरापर्यंत भाजले होते. आग लावतानाच भाजले असणार, असे कुणीतरी म्हणाले आणि सगळ्यांना ते पटले. कुरंगी गोठ्यात सापडली. ती आपली आपण पळाली असेल, असे सगळ्यांनी धरून चालले. त्या दिवसापासून तिची वाचाच बसली.

बहिणीच्या घरचा खटला दुसऱ्याने चालवावा, असे राजाने सुचवून पाहिले. श्रुतंजयाने ते मानले नाही. आपल्या बोलण्यात मायेचा किंवा रागाचा एक शब्द जरी आला तर आपल्याला थांबवावे, असे तो म्हणाला. आणि खरोखरच तसा एकही शब्द आला नाही. दारात चटई टांगली गेली आणि पलीकडे खेमक येऊन उभा राहिला.

“आग लागली तेव्हा तू घरात होतास?” श्रुतंजयाने विचारले.

“होतो.”

“तुला कुणी आत बोलावलं होतं?”

“नाही.”

“आग कशी लागली ते तुला ठाऊक आहे?”

चटईआडून आवाज आला, “ठाऊक आहे. पण सांगणार नाही.”

सभेत कुजबुज झाली. खेमकला खोटे बोलता येत नव्हते आणि खरे बोलायचे नव्हते. आपण मुलीला वाचवले, एवढे जरी तो म्हणाला असता, तरी मुलीला विचारले गेले असते आणि तिने रडत रडत सगळे सांगितले असते. मग जन्मभर आपल्या आईकडे पाहताना तिला काय वाटले असते? आईला तिच्याकडे पाहताना काय वाटले असते? एका पोराचा जीव त्याच्या हातून निसटला होता. दुसरे पोर त्याला असे जळू द्यायचे नव्हते. श्रुतंजयाने मात्र शांतपणे सांगितले की, हे मौन म्हणजेच कबुली आहे, निरपराध माणूस गप्प बसत नाही. राजाने देहान्त शिक्षा फर्मावली. पौर्णिमा उलटल्यावर ती अमलात यायची होती.

यशोवती आणि कुरंगी आता श्रुतंजयाकडेच राहत होत्या. एकदा संध्याकाळी तो हातपाय धूत असताना कुरंगी मागे येऊन उभी राहिली आणि इतक्या दिवसांनी प्रथमच बोलली.

“मामा, त्या माणसाचे हात बरे झाले का?”

कोणत्या माणसाचे, असे त्याने विचारले. मग तिने सगळे सांगितले; दिवा, बाळ, गोठा, आणि आईला न सांगण्याचे वचन. सांगून झाल्यावर ती त्याच्या धोतराचा सोगा धरून उभी राहिली. श्रुतंजयाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

आधी त्याला वाटले, पोर भ्यायलेली आहे, काहीबाही बोलते आहे. पण साक्ष पारखण्यात त्याचे आयुष्य गेले होते. ही साक्ष खरी आहे हे त्याला पुरते कळले होते. तेव्हाच उठून तो बंदीशाळेत गेला असता तर! पण दुसऱ्या दिवशी सभेला सुट्टी होती. बंदीशाळा भिंतीबाहेर, तिथे जायचे म्हणजे विटाळ, आणि बंदीपालासमोर चूक कबूल करायची म्हणजे आणखीच कठीण. सभा भरेल तेव्हा रीतसर सांगू, पौर्णिमेला अजून अवकाश आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली. वाईट माणसाने नव्हे, नीटनेटक्या माणसाने घेतलेला हा निर्णय होता. मला त्याचा राग येतो, आणि त्याची कीवही येते.

सभा भरली तेव्हा श्रुतंजयाने उभे राहून सांगितले की, खेमक निरपराध आहे, त्याने माझ्या भाचीला वाचवले आणि माझी चूक झाली. मग आग कशी लागली, असे राजाने विचारले.

“ठाऊक आहे, महाराज. पण सांगणार नाही.”

राजाच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याने पुन्हा विचारले, दरडावून विचारले. श्रुतंजय मान खाली घालून उभा राहिला. जो अभियोक्ता ठाऊक असलेले सांगत नाही तो आपल्याला नको, असे म्हणून राजाने त्याच क्षणी त्याचे पद काढून घेतले. आपण पाहिल्यावाचून शिक्षा दिली हे राजाच्याही मनाला लागले असावे, कारण खेमकला सोडण्याची आज्ञा त्याने दिली आणि दारातली चटईही काढायला लावली. सुटकेची बातमी घेऊन वस्तीकडे माणूस धावला. श्रुतंजय एकटाच बंदीशाळेकडे निघाला.

बंदीशाळेच्या दाराशी भिंतीला लागून मातीच्या वाट्या मांडलेल्या होत्या. कशात तूप, कशात कोरफडीचा गर. काहींवर धुळीचा थर चढला होता. हे काय, असे त्याने विचारले. त्या माणसाची म्हातारी आई बहुला रोज भाजल्यावरचे औषध आणून ठेवते, असे बंदीपालाने सांगितले.

“मग त्याला दिलं का नाही?”

“आपलाच नियम ना, आर्य? वस्तीतलं भांडं आत न्यायचं नाही,” बंदीपाल साधेपणाने म्हणाला. “आणि त्याला शिवणार तरी कोण? काल संध्याकाळपर्यंत शुद्धीवर होता. पाणी मागत होता.”

श्रुतंजयाने एक वाटी उचलली आणि तो आत गेला. खेमक जमिनीवर पडला होता. अंगात सणकून ताप होता. ज्या माणसाला त्याने मरणाची शिक्षा मिळवून दिली होती, त्याला तो प्रथमच पाहत होता. तो अगदी साधा, तरुण माणूस होता. त्याचे हात कोपरापर्यंत काळे पडून चिघळले होते. हे हात एकदा जरी सभेत दिसले असते, तरी पेटती दोरी ओढणाऱ्याचे हात ते, हे साक्ष पारखणाऱ्या कुणालाही कळले असते. श्रुतंजय खाली बसला आणि तूप लावू लागला. आयुष्यात त्याने कुणाला औषध लावले नव्हते. त्याला ते नीट जमत नव्हते. त्याने पाणी पाजले. थोडे पोटात गेले, बरेचसे सांडले.

बऱ्याच वेळाने खेमकने डोळे उघडले. पोरीला कुणी विचारले का, हेच त्याने आधी विचारले. कुणी विचारले नाही, तिने आपणहून सांगितले आणि मी कुणाला सांगितलेले नाही, असे श्रुतंजय म्हणाला. तिच्यावर रागावू नका, असे खेमक पुटपुटला. श्रुतंजयाला राहवले नाही.

“एक शब्द बोलला असतास तर वाचला असतास.”

“आत का गेलो, एवढं तुम्ही विचारलं असतंत,” खेमक थांबत थांबत म्हणाला, “तर मला सांगावं लागलं असतं. विचारलं नाहीत, बरं झालं.”

त्यात टोमणा नव्हता. तो मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच श्रुतंजयाला ते सोसवेना. मान वळवून तो रडू लागला. दिवस कलण्याआधी खेमकचा प्राण गेला.

सुटकेची बातमी ऐकून बहुला वस्तीतल्या चार माणसांबरोबर आली होती. मुलासाठी धुतलेले वस्त्र आणि पेज घेऊन ती दारात उभी होती. खेमकला उचलून श्रुतंजय बाहेर आला तेव्हा तिला काही सांगावे लागले नाही. तिने पेज खाली ठेवली. वस्तीतली माणसे पुढे झाली, तसा श्रुतंजयही खांदा द्यायला वाकला. तेव्हा बहुलाने त्याच्याकडे पाहिले आणि भिंतीच्या आतल्या माणसाला जन्मात प्रथमच अरेतुरे केले.

“आता हात लावतोस?”

तो बाजूला झाला. त्या लोकांनी नगरातल्यांपासून जेवढे अंतर ठेवून चालावे असा दंडक होता, तेवढेच अंतर ठेवून तो प्रेतामागून अनवाणी चालत गेला. पुढे तो भिंतीबाहेरच राहिला आणि ज्यांना कुणी शिवत नसे अशा आजाऱ्यांची सेवा करीत जगला. बहुला त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.

पुढे बुद्धपदाला पोचल्यावर शास्त्यांनी ही कथा एका विद्वान भिक्षूला सांगितली. त्या सकाळी झाडलोट करणाऱ्यांच्या कुळातला एक नवा भिक्षू त्याच्या शेजारी बसला होता आणि आपल्या पात्रातला घास त्याने पुढे केला होता. विद्वान भिक्षूने आपले आसन दूर सरकवले होते.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “त्या वेळची कुरंगी आज विहाराला फुलं आणून देणारी उपासिका आहे. खेमक मी होतो. श्रुतंजय तो तू. आणि बहुला म्हणजे आज तुझ्यापुढे घास धरणारा हा भिक्षू. त्या जन्मी तिने तुला खांदा देऊ दिला नाही. या जन्मी त्याने आपणहून हात पुढे केला, आणि तू सरकलास.”

तो भिक्षू उठला आणि नव्या भिक्षूजवळ जाऊन बसला. त्याने आपले पात्र पुढे केले, पण त्याला मान वर करवेना. नव्या भिक्षूने पात्रात घास घातला.

जन्मोजन्मी बोधिसत्त्वाने जी मैत्री पारमिता, म्हणजे सर्वांवर माया करण्याचे व्रत, पूर्ण केली, ती ही.