वेशीवरचं पांढरं कापड

फार जुनी गोष्ट. त्या राज्याचं नाव आज कुणाला आठवत नाही. तिथं धूर इतका वाढला होता की आंब्याचा मोहर झाडावरच करपायचा. शेवटी राजानं दवंडी पिटवली : टेकडीवरचं नगर आणि नदीकाठचं नगर, दोहोंपैकी जे धूर जास्त कमी करील त्याला मधलं जंगल मिळेल. हरेल त्याला तिथली काडीही तोडता येणार नाही.

निवाड्यासाठी राजानं एका तरुण पारखी बाईला नेमलं. रीत ठरलेली होती. वेशीवर पांढरं कापड टांगायचं आणि महिन्यानं उतरवायचं.

महिना सरला. टेकडीवरचं कापड दुधासारखं निघालं, नदीकाठचं तव्याच्या बुडासारखं.

"काहीच केलं नाहीत तुम्ही?" पारखीनं नदीकाठच्या कुंभारांच्या म्होरक्याला विचारलं.

"केलं की. लाकूड सोडलं, तुसावर भाजतो. एका मडक्यामागं निम्मा धूर. पण कापडाचंच ऐकणार असाल तर आम्हाला विचारता कशाला, बाई?"

पारखीला ही सबब वाटली. निकाल सांगायची तिला घाई झाली होती. ती तडक टेकडी चढली.

टेकडीवर जेवणाचा थाट होता. नवी कोरी मडकी, ताजा गूळ, चुन्यानं चकाकणाऱ्या भिंती.

नगरशेठ हसून म्हणाला, "आमच्या वेशीवर कावळा बसला तर तेवढाच काळा दिसतो, बाई."

"भट्ट्या दिसल्या नाहीत कुठं. हा चुना कुठं भाजता?"

"छे, आम्ही कशाला भाजू? सगळ्या भट्ट्या बंद केल्या. चुना, गूळ, मडकी, सगळं नदीकाठाहून येतं. घाण काम त्यांनाच जमतं."

पारखीचा घास हातातच राहिला. निकाल ओठांवर आला होता, तो तिनं गिळला.

"आणखी एक महिना कापड टांगा," ती म्हणाली. "या महिन्यात एकमेकांकडून काही आणायचं नाही. ज्याला जे लागेल ते त्यानं आपल्या वेशीत भाजावं."

"म्हणजे आम्ही मडकी भाजायची?"

"ओंजळीनं पाणी प्यायची तयारी असेल तर नका भाजू."

टेकडीवर भट्ट्या पेटल्या. ओली लाकडं, उघडी तोंडं, जुनीच तऱ्हा. नदीकाठी मात्र घरच्यापुरतंच भाजायचं होतं, तेही तुसावर. महिन्यानं कापडं उतरली. नदीकाठचं जेमतेम राखाडी झालं होतं. टेकडीवरच्या कापडाला हात लावायला कुणी धजेना.

"हा अन्याय आहे," नगरशेठ म्हणाला. "आमच्या लोकांना भट्टीची सवय राहिली नाही."

"मडक्याची आहे ना?" पारखी म्हणाली.

जंगल नदीकाठाला मिळालं. टेकडीवरची माणसं पुन्हा तिथूनच मडकी आणू लागली, पण आता राजाच्या हुकमानं प्रत्येक मडक्याचा धूर ते मडकं नेणाऱ्या नगराच्या नावावर मोजला जाई. मग टेकडीवर तडकलेलं मडकं फेकण्याआधी लोक ते लाखेनं सांधू लागले. काही वर्षांनी आंब्यांवर मोहर टिकू लागला.

तात्पर्य : धूर कुठून निघाला एवढंच पाहून न्याय होत नाही, तो कुणासाठी निघाला हेही पाहावं लागतं.