पियानोला दम लागत नाही

“पण सर, नवी धून सुचते तरी कुठून?”

इनास सर सुपात वालाच्या शेंगा सोलत बसले होते. वसईतल्या त्या गावात ज्याला पियानो येत होता, त्याला तो सरांनीच शिकवलेला. त्यांनी बांधलेल्या चाली लोक शेतात, लग्नात, चर्चमध्ये गात. बोलायच्या बाबतीत मात्र माणूस भारी कंजूस.

“वाजव,” एवढंच ते म्हणाले.

लिडविना पियानोच्या स्टुलावर बसली. शाळेत असल्यापासून ती चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, गाण्यांना साथ करायची. तिच्या बोटांचं गावभर कौतुक होतं आणि ते तिलाही चांगलं ठाऊक होतं.

पण मुंबईच्या संगीत विद्यालयाने गेल्या वर्षी तिला परत पाठवलं होतं. हात तयार आहे, पण स्वतःचं काहीतरी रचून आणा, असं तिथल्या बाई म्हणाल्या होत्या. परवा पुन्हा जायचं होतं. यंदा जमलं नाही तर पियानोचा नाद सोडायचा, असं वडिलांनी बजावलं होतं.

तिने आपली नवी धून सुरू केली. गोड होती. कुठे अडखळत नव्हती.

ओळ अर्ध्यावर आली, तोच सर गुणगुणू लागले. तिच्या आधी ओळ संपवून मोकळेही झाले.

लिडविनाचे हात थांबले.

“ही ऐकलीय तुम्ही?”

“छे. आत्ताच ऐकतोय.”

“मग पुढचं कसं कळलं?”

सरांनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले...

लिडविनाने दुसरी धून काढली. ही तिची खास राखून ठेवलेली होती. घरातसुद्धा कोणाला ऐकवली नव्हती.

सर पुन्हा गुणगुणले. पुन्हा तिच्या आधी. पुन्हा बरोब्बर.

तिचे कान लाल झाले.

“म्हणजे मी सगळं चोरलंय, असंच ना?”

“चोरलेलं नाही गं. नीटनेटकं आहे.”

हे तिला चोरीपेक्षा जास्त लागलं.

“ही धून गाणार कोण?” सरांनी विचारलं.

“कोणी नाही. नुसता पियानो.”

“बरं. मग पुन्हा वाजव. या वेळी माझ्याकडे बघून.”

पट्ट्यांकडे न बघता वाजवणं तिला जड नव्हतं. ती सरांकडे बघत वाजवू लागली.

ओळ संपत आली आणि सरांचे खांदे वर आले. छाती भरली. पुढची ओळ सुरू झाली, खांदे हळूहळू खाली गेले. ती संपताना पुन्हा वर. प्रत्येक ओळीला तसंच.

हे तिने कुठेतरी पाहिलं होतं...

चर्चमध्ये. बाकांवरची सगळी माणसं अशीच एकदम श्वास घेतात. साथ करणाऱ्याने तेवढं थांबायचं असतं. नाही थांबलं, तर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या मागे राहतात आणि मिस्सा सुटल्यावर दारातच गाठतात. “काय गं, गाडी पकडायची होती का तुला?”

लिडविनाने हात मांडीवर घेतले.

“मी... थांबते, सर. त्यांच्यासाठी.”

“अख्खं गाव घेऊन निघालीस मुंबईला,” सर म्हणाले. “डबे तरी बांधून घेतलेस का सगळ्यांचे?”

ती हसली नाही.

“पियानोला कुठे दम लागतो, पोरी?”

बाहेर केळीची पानं सळसळत होती.

मग लिडविनाने पुन्हा सुरुवात केली.

ओळ संपत आली. तिचं मनगट सवयीने सैल पडायला निघालं. तिने ते पडू दिलं नाही. हात तसाच पुढे रेटला आणि बोट जाऊन पडलं भलत्याच काळ्या पट्टीवर.

विचित्र सूर उमटला. मिटेना आणि पुढेही जाईना.

“सॉरी, सर. चुकलं.” ती हात उचलणार तेवढ्यात सर म्हणाले,

“दाबून ठेव.”

तिने पट्टी दाबून ठेवली. सूर बारीक होत होता, पण गेला नव्हता. तो पुरता जायच्या आत तिने खालचा एक सूर लावला. मग त्याच्याही खालचा. मग डाव्या हाताला राहवलं नाही, तोही मागोमाग आला. ओळ लांबत गेली. कुठल्याच बाकावरच्या माणसाला एका दमात गाता आली नसती, इतकी लांबली.

तिने सरांकडे पाहिलं. खांदे हलले नव्हते. ओठ मिटलेले होते. हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली होती.

आणि तिथे ती अडली. समोर सगळ्या पट्ट्या होत्या आणि कुठली दाबावी ते कळेना. असं तिचं कधीच झालं नव्हतं. परवाची आठवण झाली.

“सर, आता कुठे जाऊ?”

इनास सरांनी सूप बाजूला सारलं. उठून पियानोजवळ आले. शिकायला येणारी मुलं ज्या बुटक्या बाकावर बसत, ते त्यांनी पायाने ओढलं आणि त्यावर बसले.

“सांगा ना. तुम्हाला तर सगळं आधीच कळतं.”

सर तिच्या हातांकडे बघत राहिले...

“इथून पुढे मी कधी गेलो नाही.”