उस्तादांची पाठ

“मग भरलेली ट्रॉली उतारावर थांबवायची तरी कुठं, उस्ताद?”

“माथ्यावर.”

बिरदेव हसला. ट्रॅक्टरचं स्टिअरिंग पहिल्यांदा हातात धरलं, तेव्हापासून तो हे उत्तर ऐकत आला होता.

“माथ्यावर तर उभाच आहे की मी. आता ‘जा’ म्हणा.”

इलाही उस्ताद दर्ग्याच्या ओट्यावर बसून खाली उतरणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिले...

बोरखिंडीच्या माथ्यावर हा दर्गा होता. इथून साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता एकदम खाली घसरायचा आणि मध्यावर दरीच्या अंगानं वळायचा. इलाही मुजावरांनी त्या रस्त्यावर आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला होता. आता ते दर्ग्याची झाडलोट करत. त्या पट्ट्यातला जवळपास प्रत्येक ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकलेला होता.

म्हणून तिथं एक रीत पडली होती. उसानं भरलेला ट्रॅक्टर माथ्यावर आला की थांबायचा. उस्ताद ओट्यावरून उतरून त्याच्याभोवती एक फेरी मारायचे, बॉनेटवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “जा.”

ही रीत कारखान्याला माहीत नव्हती. पण तो शब्द न घेता जो उतरेल, त्याच्या ट्रॉलीत ऊसतोडीच्या बायका पाय ठेवत नसत.

आज उस्तादांची फेरी मारून झाली होती. ट्रॅक्टरच्या पायरीपाशी ते जरा जास्त वेळ थांबले होते. मग बॉनेटवर हात न ठेवताच ओट्यावर जाऊन बसले होते.

“सगळं बघितलंस?” त्यांनी विचारलं.

“रोज बघतो.”

“आज?”

“उस्ताद, माझा हात साफ आहे. अख्ख्या पट्ट्यात विचारा.”

“शहाजीचाही साफ होता.”

बिरदेवची मान ताठ झाली. शहाजी त्याच्याबरोबरच उस्तादांकडे शिकला होता. काल दुपारी याच उतारावर त्याच्या दोन्ही ट्रॉल्या वळणावरून दरीत गेल्या. शहाजी गेला. उसावर बसलेल्या दोन बायकाही गेल्या. वारा खालून आला की आंबलेल्या उसाचा वास माथ्यापर्यंत येत होता.

“त्यानं गिअर काढून गाडी मोकळी सोडली होती,” बिरदेव म्हणाला. “डिझेल वाचवायला. मी तसलं काही करत नाही.”

“हं.”

“आणि काल त्यालाही तुम्ही ‘जा’ म्हणालाच होता की.”

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, हे बोलायला नको होतं. पण शब्द तोंडातून गेला होता.

दर्ग्यावरचं हिरवं कापड वाऱ्यानं फडफडलं. थांबलं. पुन्हा फडफडलं...

“म्हणालो होतो,” उस्ताद म्हणाले.

मागच्या ट्रॉलीवरून द्वारकाची हाक आली. द्वारका ऊसतोडीच्या टोळीतली. एका गावचं रान संपलं होतं, आणि टोळी दुसऱ्या गावी निघाली होती. उसाच्या ढिगावर वाकळा, भांडी, पत्रे, डालग्यातल्या कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये माणसं, अशी सगळी बिऱ्हाडं रचलेली होती. द्वारकाच्या मांडीवर नुकतं जन्मलेलं लेकरू होतं.

“बिरूदादा, काय झालं? बाबा ‘नाही’ म्हणत्यात का?”

“उस्तादांना तुमच्या कोंबड्या आवडल्यात. एक ठेवून जा म्हणतायत.”

“म्हातारी कोंबडी हाय ती. शिजायची न्हाई. त्यांना दात तरी हायत का?”

उसावरची माणसं हसली. उस्तादही जरासे हसले. मग ते हसू कुठंतरी गेलं.

“त्यांना खाली उतरव,” ते म्हणाले. “चालत येतील.”

“ओली बाळंतीण आहे, उस्ताद. म्हातारी माणसं आहेत. एवढं सगळं उतरवायचं कधी, खाली नेऊन पुन्हा चढवायचं कधी?”

द्वारकानं वरून ऐकलं होतं.

“बाबा, टाके ओले हायत माझे,” ती म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “बायांनी धरून वर चढवलंय मला. आता उतरले, तर पुन्हा चढायची न्हाई मी.”

उस्तादांनी मान खाली घातली.

मागं दुसरा भरलेला ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता. त्याच्या ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, आणि कुणी दाद देत नाही म्हणून पुन्हा दाबला.

“‘जा’ म्हणा, उस्ताद,” बिरदेव म्हणाला. “मागं रांग लागायला लागली.”

उस्ताद उठले. पायात चपला सरकवल्या. बिरदेवला बरं वाटलं. तो चढून सीटवर बसला आणि इंजिन सुरू करून बॉनेटवर येणाऱ्या हाताची वाट बघू लागला.

हात आला नाही. उस्ताद बॉनेटच्या पुढून गेले. रस्त्याच्या मधोमध, ट्रॅक्टरच्या तोंडासमोर उभे राहिले. पाठ ट्रॅक्टरकडे आणि तोंड उताराकडे.

“ये,” ते म्हणाले.

“कुठं?”

“माझ्या मागून.”

बिरदेवला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो अर्धा उठला.

“बाजूला व्हा, उस्ताद. ही काय मस्करी करायची जागा आहे?”

“नाही.”

“ट्रॉलीला ब्रेक नसतो.”

“ठाऊक आहे.”

“मागचा सगळा भार रेटत येतो.”

“तेही ठाऊक आहे.”

“मग मरायचंय का तुम्हाला?”

उस्ताद चालू लागले.

एका गुडघ्यानं अधू असल्यामुळे ते दर पावलाला डावीकडे झुकत होते. सदरा पाठीवर घामानं चिकटला होता आणि त्यातून पाठीचे मणके दिसत होते. मानेवरची कातडी सैल पडली होती. बिरदेवनं उस्तादांना इतकी वर्षं पाहिलं होतं, पण त्यांची पाठ कधी अशी पाहिली नव्हती. एवढीशी होती ती.

“बाबा पुढं कशाला चाललेत?” वरून कुणीतरी विचारलं.

बिरदेवचा हात सवयीनं गिअरवर गेला. तो नेहमी तिसऱ्यात उतरायचा. इंजिन अडवून धरतं आणि वेळही फार जात नाही.

हात तिथंच थांबला.

तिसऱ्यात हा माणूस वळणाच्या आधीच चाकाखाली येईल. आणि एकदा उतार लागला की गिअर बदलता येत नाही. क्लच दाबला की ट्रॅक्टर मोकळा होतो, मग मागचा टनावारी ऊस सांगेल तो वेग. जो काय गिअर घालायचा तो इथंच घालायचा.

दुसरा?... त्यानं उस्तादांचा झुकणारा पाय पाहिला.

त्यानं गिअर ‘लो’मध्ये घेतला आणि पहिला टाकला. मोकळ्या रानातही तो कधी इतका हळू चालला नव्हता.

मग ब्रेक. थांबायची वेळ आलीच तर... म्हणून त्यानं पाय ठेवून बघितला, आणि पायाखाली काहीतरी चुकल्यासारखं लागलं. तो खाली वाकला.

ट्रॅक्टरला ब्रेकची पायडलं दोन असतात, एक डाव्या चाकाचं आणि एक उजव्या. रानात ती सुटी ठेवतात, कारण एकच दाबलं की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. रस्त्याला लागताना मात्र ती दोन्ही एका कडीनं जोडून टाकायची असतात. भरल्या उतारावर सुट्या पायडलांपैकी एकावरच पाय पडला, तर एकच चाक आवळतं, ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागचं सगळं त्याच्या अंगावर येतं.

कडी लोंबत होती.

सकाळी रानातून ट्रॉल्या बाहेर काढताना त्यानं ती सोडली होती. नंतर जोडायची राहून गेली होती. ती तशीच ठेवून तो गाव ओलांडून, चढ चढून इथवर आला होता. मागं ही सगळी माणसं बसली होती. तो मघापासून ‘जा’ म्हणा, ‘जा’ म्हणा, करत होता.



वर द्वारका लेकराशी काहीतरी बोलत होती. शब्द कळत नव्हते, नुसता सूर येत होता.

त्यानं कडी बसवली. टक, असा आवाज झाला. उस्ताद वळले नाहीत. ते बरेच पुढं गेले होते.

बिरदेवनं गिअर काढला, ब्रेक बांधला आणि तो सीटवरून खाली उतरला. दोन्ही ट्रॉल्यांमधली पिन हातानं ओढून पाहिली. साखळी पाहिली. प्रत्येक चाकापाशी वाकला.

“काय हरवलं, दादा?” द्वारकानं विचारलं.

“काही नाही.”

“मग असं तोंड का झालंय?”

तो परत चढला. ब्रेक सोडून, पुन्हा पहिला टाकून क्लच सोडला.

मागचा भार आला. तो रोजच यायचा, पण आज बिरदेवला पाठीत जाणवला, कुणीतरी दोन्ही हातांनी खांद्यांना रेटावं तसा. इंजिन कण्हत होतं. अंतर कमी होत उस्तादांची पाठ आता अगदी समोर आली होती... डावीकडे झुकायची, सरळ व्हायची, पुन्हा झुकायची. त्याला रस्ता दिसत नव्हता, दरी दिसत नव्हती. पाठ तेवढी दिसत होती.

वळण आलं.

तिथं रस्त्यावर ऊस पसरलेला होता. चांगला चांगला लोकांनी जनावरांसाठी उचलून नेला होता, चिरडलेला उरला होता. त्यावर गांधीलमाश्या बसल्या होत्या. कडेच्या गवतात बांगड्यांची काच पडली होती.

उस्ताद थांबले.

रस्त्याच्या मधोमध. दरीकडे तोंड करून त्यांनी दोन्ही तळवे वर धरले आणि डोळे मिटले.

“उस्ताद...”

बिरदेवनं पाय रोवला. जोडलेली दोन्ही पायडलं एकदम खाली गेली. पुढची ट्रॉली येऊन धडकली, तिच्यामागून दुसरी. लोखंड लोखंडावर आपटलं, वरच्या कोंबड्या ओरडल्या, लेकरू रडायला लागलं. ट्रॅक्टर घासत पुढं सरकला. जरासा... अजून जरासा...

थांबला.

बॉनेटची गरम हवा उस्तादांच्या सदऱ्यावर लागत होती. सदरा हलत होता.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. ओठ हलत राहिले. बिरदेवनं ब्रेकवरचा पाय उचलला नाही. वर लेकरू रडत होतं.

उस्तादांनी तळवे तोंडावरून फिरवले आणि पुन्हा चालू लागले.

उतार संपला, तिथं ओढ्यावर एक मोरी होती. तिच्यापाशी येऊन उस्ताद बाजूला झाले. बिरदेवनं ट्रॅक्टर सपाटीवर नेऊन उभा केला, ब्रेक बांधला आणि खाली उडी मारली.

उस्ताद मोरीच्या कठड्यावर बसून गुडघा चोळत होते.

कडीचं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. जिभेवरही आलं. पण उसावरची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. एक म्हातारा तर तिथूनच हात जोडत होता. “असला ड्रायव्हर बघितला न्हाई,” असं कुणीतरी म्हणालं.

बिरदेवनं चेहरा पुसला. हळूहळू त्याची मान पुन्हा सरळ झाली.

“केवढ्या जवळ थांबवली, बघितलंत?”

“नाही बघितली.”

“एकदाही मागं वळला नाहीत तुम्ही.”

“नाही.”

बिरदेव त्यांच्याजवळ उकिडवा बसला.

“एवढा विश्वास आहे माझ्यावर, उस्ताद?”

उस्तादांनी गुडघा चोळायचं थांबवलं. वर उसाच्या ढिगावर द्वारका लेकरावर उन्हाला पदर धरून बसली होती. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले...

“विश्वास असता,” ते म्हणाले, “तर ट्रॉलीत बसलो असतो.”