सगळ्या कामट्या नव्या

डोंगराच्या कुशीत, जिथे हिरवे बांबू वाऱ्यावर शीळ घालतात, तिथे एका इवल्याशा झोपडीत म्हादू राहायचा. झोपडीत पीठ थोडं होतं आणि माणसं दोनच, म्हादू आणि आई. पूर्वी तीन होती. म्हादूची मोठी बहीण, अक्का, तापाने गेली.

अक्का बांबूच्या कामट्यांच्या टोपल्या विणायची. तिच्या हातची एकच टोपली घरात उरली होती. कामटी मोडली की काढायची, नवी सरकवायची आणि जुनी चुलीत घालायची, अशी त्यांच्या घरची सवय. म्हादूही तेच करत आला. आज एक, महिन्याने दुसरी. आता त्या टोपलीत शेजारच्या जनाआजीची चिमुकली तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती.

एके सकाळी जनाआजीची नात गुणी हसत म्हणाली, "ही कसली रे अक्काची टोपली? सगळ्या कामट्या तर तूच घातल्यास!"

"गप बस!" म्हादू ओरडला. मग त्याने एकेक कामटी बोटांनी चाचपली. खरंच. अक्काच्या हातची एकही नव्हती. त्यानेच त्या चुलीत घातल्या होत्या. त्यांच्यावर भाकऱ्या भाजून खाल्ल्या होत्या.

कोंबडीसकट टोपली उचलून तो बांबूच्या बनात पळाला आणि मातीत पडून रडू लागला.

तेवढ्यात सोनेरी कवडशातून एक परी उतरली. तिचे निळे-जांभळे पंख चतुराच्या पंखांसारखे लकाकत होते.

"बाळा, एक इच्छा माग," ती म्हणाली.

"अक्का दे."

"गेलेलं माणूस मला आणता येत नाही रे."

"मग कसली परी तू? चल, नीघ!" त्याने ढेकूळ भिरकावलं. ते तिच्या पंखांतून आरपार गेलं. परी रागावली नाही.

"अक्काने विणली त्या दिवशी जशी होती, तशी टोपली मी करीन. सगळ्या कामट्या तिच्या हातच्या. पण नियम आहे. त्या दिवशी टोपली रिकामी होती. आज आत जे आहे, ते नाहीसं होईल."

म्हादू 'हो' म्हणणारच होता. कोंबडीने डोळे मिटून पिसं फुलवली आणि एक अंडं पोटाखाली ओढून घेतलं.

"नको," म्हादू पुटपुटला. "जनाआजी विचारेल, कुठे गेली माझी तांबडी? आमची आई अजून विचारते, अक्का कुठे गेली. मला नाही सांगता येत." तो हुंदके देऊ लागला. "पण मग माझ्याकडे अक्काचं काय उरलं?"

"अक्का होती तेव्हा तुझे दुधाचे दात होते ना?"

"पडले ते."

"मग अक्काचा भाऊ कुठे गेला?"

"कुठे जाईल? हा काय मी!"

"दात बदलले तरी?"

"तरी!"

परीने करंगळी टोपलीला हळूच लावली. कामट्यांच्या फटींतून गुलाबी, केशरी उजेड सांडला आणि मातीवर टोपलीची सावली उमटली. सावली डावीकडे जराशी कललेली होती. अक्काची प्रत्येक टोपली अशीच कलायची, आणि आई तिला चिडवायची. नवी कामटी घालताना म्हादूची बोटं नकळत अक्काच्याच कलाने गेली होती.

"अक्का!" त्याने हाक मारली.

कोणी ओ दिली नाही. परी उजेडात विरघळत गेली, आधी पंख, मग हात, मग हसू. बनात पुन्हा साधं ऊन पडलं.

म्हादूने टोपली सांभाळून उचलली. ती अक्काची होती. अक्का मात्र नव्हती.