चांगुणेचा पहारा

सिंदफणेच्या काठी, बाभळीच्या विरळ सावलीत मोगरगाव वसले होते. तिथल्या मारुतीच्या देवळात कैवारीनाथ महाराज अधूनमधून मुक्कामाला येत. महाराज आले की गावाची कळाच बदले. भांडणारे भांडण विसरत, रुसलेली पोरे जेवायला बसत.

त्या चैत्रात देवळात अखंड नामसप्ताह मांडला होता. सप्ताहाची वीणा म्हणजे गावाचा प्राण! ती जमिनीला टेकवायची नाही, खुंटीला टांगायची नाही. पहारा संपला की पुढच्या पहारेकऱ्याच्याच गळ्यात घालायची. वीणा असेल तिथे नाम थांबले, की सप्ताह मोडला.

गावात रंगोबा साळी राहत होता. आदल्या दिवाळीत त्याच्या बायकोच्या, चांगुणेच्या, अंगावरून वारे गेले. उजवे अंग लुळे पडले आणि बोल हरपला. कळायचे सगळे, डोळ्यांत उमटायचेही. जीभ मात्र 'आं आं'च्या पुढे जाईना. माग बंद ठेवून रंगोबा तिच्या उशाशी बसला. पातळ पाणी तिला ठसका लावी, म्हणून घट्ट पेज करी, तिची हनुवटी छातीकडे झुकवी आणि एकेक घास गिळेपर्यंत वाट बघे. मिटलेल्या मुठीत मऊ फडक्याची गुंडाळी देई. पाठ सोलवटू नये म्हणून पुन्हा पुन्हा तिची कूस बदली. आणि कूस बदलताना गुणगुणे:

थकली उजवी कूस, आली डावीची गं पाळी
नामाची मऊ उशी, मानेखाली सांजसकाळी

एकदा महाराज त्याच्या दारी आले. रंगोबा तेव्हा खाली मान घालून चांगुणेचे मळलेले लुगडे धूत होता. तो ओशाळला. "महाराज, देवळात यायला होत नाही बघा. माझं नामच सुटलं."

महाराज हसले. "सुटलं कुठं रे? हिची कूस वळवतोस ना, तेव्हा 'राम कृष्ण हरी' म्हणत जा. तिला ऐकू येईल असं म्हण." आणि जाता जाता म्हणाले, "सप्ताहात दुपारचा एक पहारा तुझा."

गावच्या श्रीपतराव इनामदारांना हे कसे रुचावे? पल्लेदार आवाज, कडक सोवळे आणि सप्ताह आपल्यामुळेच चालतो हा भरवसा! पारावर ते सर्वांदेखत म्हणाले, "काय रंगोबा, वीणा धरणार म्हणे! आधी हात हुंगून बघ. दिवसभर बाईमाणसाचं हगणंमुतणं काढायचं नि त्याच हातानं देवाची वीणा?"

माणसे खो खो हसली. रंगोबा पारावरून उठला. घरी येऊन त्याने माती लावून हात घासले, कातडी लाल होईतो घासले. चांगुणा पडल्या पडल्या बघत होती. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळले.

पहाऱ्याचा दिवस उजाडला. शेजारच्या कौसामावशीला चांगुणेजवळ बसवून रंगोबा देवळात गेला. वीणा गळ्यात आली तसे त्याचे ऊर भरून आले. सोबतीला टाळावर लिंबाजी लोहार. महाराज कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. सप्ताहभर त्यांचे मौन होते.

पहारा सरला. पुढचा पहारा श्रीपतरावांचा, पण त्यांचा पत्ता नाही. ते घरी पानावर बसले होते. बायकोने हटकले तर म्हणाले, "राहू दे त्याला उभा. फार हौस होती ना!" आणि आणखी एक पोळी वाढून घेतली.

इकडे कौसामावशीने वाट पाहिली आणि 'आता रंगोबा येतोच आहे' असे म्हणून ती गाईला पाणी दाखवायला गेली.

देवळात रंगोबाच्या कानाशी कुणी तरी स्पष्ट म्हणाले, "रंगोबा, कूस!"

तो दचकला. महाराजांचा आवाज! पण महाराजांचे ओठ मिटलेलेच. लिंबाजी तर आपला टाळ वाजवतोय. त्याला काहीच ऐकू गेले नव्हते.

वीणा ठेवता येईना, दुसऱ्याला देता येईना. मग तो वीणेसकट धावत सुटला! तोंडाने 'राम कृष्ण हरी', पायांखाली तापलेला फुफाटा.

"अरे, वीणा कुठं चालली?" लिंबाजी ओरडला. मग त्याला वाटले, वीणा चालली तर आपण इथे बसून काय करायचे? तोही टाळ वाजवत, धापा टाकत मागे निघाला.

रंगोबाने दार लोटले. चांगुणा उताणी घसरली होती, पोटातली पेज उलटून घशात अडकली होती, ओठ निळे पडले होते. वीणा पाठीवर सारून त्याने तिला डाव्या कुशीवर घेतले, तोंडातली पेज बोटांनी काढली, पाठ थोपटली. आणि जिवाच्या आकांताने हाक मारली, "चांगुणे! अगं चांगुणे!"

हाक मारली आणि त्याच्या ध्यानात आले. नाम थांबले. सप्ताह मोडला.

त्याच क्षणी चांगुणेची छाती हलली. तिने खोल श्वास घेतला आणि तिच्या कंठातून स्वच्छ, सुरेल बोल फुटले, "राम कृष्ण हरी..."

कित्येक महिने एक अक्षर न उमटलेली ती जीभ! रंगोबा ऐकत राहिला. पाठीवरची वीणा त्याने पुढे घेतली आणि तारांवर त्याचे बोट आपोआप फिरू लागले.

एवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. श्रीपतराव गर्दी घेऊन आले होते. "मोडला सप्ताह! वीणा रोग्याच्या अंथरुणात नेली याने! धरा त्याला!"

दारात उभ्या लिंबाजीने टाळ बंद न करताच म्हटले, "रावसाहेब, ओरडू नका. नाम चाललंय आत. मी तर म्हटलं, एवढ्या गोड गळ्याची बाई गावात आली कधी?"

गर्दी दुभंगली. महाराज आले. त्यांनी मौन सोडले आणि सौम्यपणे विचारले, "श्रीपतराव, आता पहारा कुणाचा?"

"माझा, महाराज."

"मग तुम्ही कुठं होता?"

श्रीपतरावांच्या ओठाच्या कडेला तूप अजून चकाकत होते.

"तुमचा पहारा ही करतेय," महाराज म्हणाले. रंगोबाच्या गळ्यातली वीणा त्यांनी स्वहस्ते काढली आणि चांगुणेच्या गळ्यात घातली. "पण तिला एकटीनं बसवत नाही. मागून आधार लागतो."

श्रीपतराव पुढे झाले. वास, फडकी, सोवळे, सारे विसरून ते अंथरुणावर टेकले. "रंगोबा," ते म्हणाले, "कसं धरू रे? दुखायचं नाही ना तिला?"

"काखेत धरून ओढू नका. खांद्याखालून घ्या, हळू. हां, अस्सं."

चांगुणेचा डावा हात तारांवर पडला. इनामदारांच्या छातीला टेकून ती म्हणत राहिली आणि सारे मोगरगाव अंगणात उभे राहून तिच्यामागे म्हणू लागले. धन्य ती माउली, धन्य तिची सेवा करणारे हात!

पहारा पूर्ण झाला, पुढच्याने वीणा घेतली. रंगोबाने चांगुणेला भिंतीशी टेकवून बसवले. श्रीपतराव तिच्या पायांपाशी वाकले. संकोचून तिने डावा पाय आखडून घेतला. उजवा काही घेता येईना. त्याच लुळ्या पावलावर श्रीपतरावांनी आपले मस्तक ठेवले.