पहिल्या बंबाचा सांधा

एकदा एका वृद्ध तांबटाकडे बारा वर्षे काम शिकलेल्या अंबादासाने स्वतःचे दुकान थाटले. भागीदार नाही, मालक नाही. पाटीवर एकट्याचेच नाव. गुरूंनी आनंदाने आशीर्वाद दिला.

पहिले मोठे काम एका व्यापाऱ्याचे आले. घरात लग्न होते, पाहुण्यांच्या अंघोळीला तांब्याचा मोठा बंब हवा होता. अंबादासाने आठ दिवस खपून तो घडवला, घासून लखलखीत केला. व्यापारी न्यायला आला तेव्हा गुरू दुकानातच बसले होते.

"थांबा शेटजी," ते म्हणाले, "आधी पाणी भरू द्या."

"गुरुजी, आत्ता?" अंबादास कुजबुजला.

गुरूंनी स्वतःच उठून दोन कळशा बंबात ओतल्या. थोड्या वेळाने तळाच्या सांध्यातून एक थेंब ओघळला. मग दुसरा. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. रस्त्यावरची चार माणसे थबकून पाहू लागली.

पत्राच हलका निघाला, असे अंबादासाच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्याने गिळले.

"शेटजी, सांधा माझ्या हातून कच्चा राहिला. लग्न परवा आहे ना? उद्या संध्याकाळी नीट करून मी स्वतः घरी पोचवतो."

"वाट पाहतो," एवढेच म्हणून व्यापारी गेला.

अंबादास गुरूंकडे वळला. "गुरुजी, मला एकट्याला सांगायचे होतेत. गिऱ्हाइकापुढे माझी अब्रू का घालवलीत?"

"बारा वर्षे एकट्यालाच सांगत आलो," गुरू शांतपणे म्हणाले. "तुझे कच्चे सांधे मी पक्के केले, गिऱ्हाइकाला पत्ताही लागला नाही. तिथे तुझ्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये मी उभा होतो. आता मध्ये कोणी नाही. तुझे कसब मला ठाऊक होते. चूक झाल्यावर तू पुढे येतोस की आडोसा शोधतोस, एवढेच पाहायचे राहिले होते. आज मी निश्चिंत झालो."

अंबादासाने त्यांना वाकून नमस्कार केला आणि भट्टी फुलवली.

दुसऱ्या दिवशी बंब व्यापाऱ्याच्या अंगणात उतरला. "पाणी भरून बघायची गरज नाही," व्यापारी म्हणाला, "तुमचा शब्द पुरे." अंबादासाने तरीही तो काठोकाठ भरला आणि तळ कोरडा असल्याचे दोघांनी पाहिल्यावरच घरची वाट धरली.

स्वतःच्या नावाने व्यवसाय करणाऱ्याने झालेल्या चुकीबद्दलही त्याच नावाने उत्तर द्यावे.