उजवा गुडघा अजून थांबलाय

कासारडोह गावच्या सरकारी दवाखान्यात म्हादबा नावाचा एक भोळा शिपाई होता. पन्नाशीचा, प्रामाणिक, आणि सांगितलेलं काम कधी न टाळणारा.

त्या दवाखान्यात अनुजा खोचरे नावाची तरुण डॉक्टर आली. परदेशातून ती एक गोष्ट पक्की शिकून आली होती. नीट मोजलं, नीट लिहिलं, की दवाखाना सुधारतो. येताना तिला धास्ती होती, की खेड्यात आपलं कोण ऐकणार? आली तर म्हादबा भेटला. तो सगळं ऐकायचा. शब्दन् शब्द.

दवाखान्यात सिस्टर एकच, कुसुमताई. इंजेक्शन तिनंच द्यायचं, बाळंतपण तिनंच करायचं. आणखी दोन सिस्टर द्या, असं अनुजानं वर कळवलं. तालुक्याचे साहेब म्हणाले, "सहा दिवसांनी येतो. लोक किती ताटकळतात त्याचे आकडे दाखवा. पटले तर देतो. नाहीतर त्या जागा दुसऱ्या गावाला."

अनुजानं कोरं रजिस्टर म्हादबाच्या हातात ठेवलं. "म्हादबा, माणूस आला की भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि वेळ लिहायची."

"बरं बाई," म्हादबा म्हणाला.

संध्याकाळी तिनं रजिस्टर उघडलं. त्रेचाळीस माणसं, आणि सगळी सव्वाचारला आलेली.

"सगळे एकदम आले?"

"न्हाई बाई. एकेक करून आले. पण घड्याळात सव्वाचारच हुते. ते पोळ्यापासनं बंद हाय."

अनुजानं मोठा श्वास घेतला. "अहो, भिंतीवर काय दिसतं त्यावर जायचं नाही. माणसाला विचारायचं आणि तो सांगेल ते लिहायचं." आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून तिनं त्याच्या हाताला बांधलं.

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला वेळेबरोबर वजनंही लिहायला सांगितली. संध्याकाळी बघते तर गावातली एकही बाई पंचेचाळीस किलोच्या वर नव्हती. तालमीतला रंगा पैलवान मात्र दीडशे किलोंचा होता.

"वजनकाटा कोपऱ्यात आहे ना, म्हादबा?"

"हाय की. पण काट्यावर जे दिसतं त्यावर जायाचं न्हवतं. मी माणसाला विचारलं."

कुसुमताई तोंडाला पदर लावून आत पळाली.

"विचारायचं नाही," अनुजा म्हणाली. "मोजायचं. मोजल्याशिवाय कुणाची एक ओळसुद्धा लिहायची नाही."

"बरं बाई."

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्याकडे एकच माणूस आला. ती बाहेर आली. ओसरीत म्हातारे धोंडीआबा खोकत बसले होते, म्हादबा समोर उकिडवा बसला होता, आणि त्यांच्यामागे रांग पार पिंपळापर्यंत गेली होती.

"काय चाललंय?"

"खोकला मोजतोय बाई. दोनशे सतरा झाले. आबा थांबंनात, मग लिवू कसं? आन् लिवल्याबिगर आत सोडू कसं?"

"पोरी," धोंडीआबा धापा टाकत म्हणाले, "मी मघाशी थांबलो हुतो. ह्यो म्हणला, 'एवढंच का?' म्हणून परत सुरू झालं."

अनुजानं आबांना हाताला धरून आत नेलं. संध्याकाळी तिनं म्हादबाला समोर बसवलं. "सगळं मोजत बसायचं नसतं, म्हादबा. भाताचं एक शीत दाबलं की कळतं ना? तसं दर दहावा माणूस घ्यायचा. बाकीचे सोडून द्यायचे."

"बरं बाई. हे सोपं हाय."

चौथ्या दिवशी दवाखान्यात चार माणसं आली. कुसुमताई म्हणाली, "आज गाव धडधाकट दिसतंय." फाटकाशी म्हादबा उभा होता. दर नऊ माणसांना तो हात जोडून घरी पाठवत होता. दहाव्याला मोठ्या मानानं आत आणत होता. एक बाई तर दहावी येण्यासाठी चार वेळा वळसा घालून आली होती.

त्या संध्याकाळी अनुजा परत पाठवलेल्यांची घरं स्वतः हिंडली. सगळ्यांना औषध देऊन आली.

उद्याचा एकच दिवस उरला होता. तिनं सावकाश, एकेक शब्द तोलून सांगितलं. "कुणाला परत पाठवायचं नाही. ओसरीत दोन रांगा करायच्या. डावीकडच्यांना नंबराची चिठ्ठी द्यायची. उजवी बाजू जुनी तशीच ठेवायची. काहीही झालं तरी तिला हात लावायचा नाही. मग दोन्हींतला फरक बघायचा. आणि कोण किती वेळ थांबला ते मनगटावरच्या घड्याळात बघून लिहायचं."

"बरं बाई."

आणि पाचव्या दिवशी म्हादबानं ते तंतोतंत केलं. डावी रांग डॉक्टरपर्यंत झटपट पोचली, उजवी रेंगाळली. पण इंजेक्शनच्या खोलीपाशी दोन्ही रांगा तासतासभर अडल्या. तिथे सिस्टर एकच. परदेशातल्या एकाही तक्त्याकडे बघून अनुजाला इतका आनंद झाला नव्हता.

सहाव्या दिवशी साहेब आले ते लंगडतच. ओढ्यात मोटारसायकल घसरून दोन्ही गुडघे फुटले होते. तरी त्यांनी आधी रजिस्टर मागितलं. सव्वाचारचं पान बघितलं. दीडशे किलोंचा पैलवान बघितला. दोनशे सतरा खोकले बघितले. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबले.

"हे तासभर अडल्याचे आकडे खरे कशावरून?"

"साहेब," अनुजा म्हणाली, "म्हादबाला खोटं लिहायला कुणी सांगितलेलं नाही."

साहेब हसले. "तीस वर्षं मी सुंदर आकडे बघतोय. दोन सिस्टर ना? देतो. आधी या गुडघ्यांचं बघा, मग सही."

तेवढ्यात आतून कुसुमताईची हाक आली. बाळंतपण अडलं होतं. अनुजा आत धावता धावता म्हणाली, "म्हादबा, साहेबांना पट्टी बांधा."

"बरं बाई."

अर्ध्या तासानं बाळंतपण उरकून ती हात पुसत बाहेर आली. साहेबांच्या डाव्या गुडघ्यावर देखणी पट्टी होती. उजव्यावरून रक्त पोटरीला पोचलं होतं.

"म्हादबा, हा गुडघा?"

"उजवी बाजू जुनी तशीच ठिवायची, बाई. हात लावला न्हाई. साहेब, आठ दिसांनी या. फरक बघू."

अनुजा कापूस घेऊन पुढे झाली. साहेबांनी तिला हातानं थांबवलं. खिशातून पेन काढलं.

"एका सिस्टरवर सही करतो," ते शांतपणे म्हणाले. "दुसरी जागा जुनी तशीच ठेवतो. फरक बघू." आणि लंगडत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजानं रजिस्टर उघडलं. म्हादबानं साहेबांची नोंद केली होती, घड्याळ बघून, सुवाच्य अक्षरात. 'डावा गुडघा: थांबला चार मिनिटं. उजवा गुडघा: अजून थांबलाय.'

तिनं ती ओळ दोनदा वाचली. खोडली नाही. पट्टीचं सामान पिशवीत भरलं, रजिस्टर काखोटीला मारलं आणि तालुक्याला जाणाऱ्या पहिल्या एसटीला हात केला.